समई उजव्या हाताला

डॉक्टरांनी तपासणीचे कागद बाजूला ठेवले आणि आत्याला स्मृतिभ्रंश असल्याचं सांगितलं. हे बरं होणारं दुखणं नाही, हे त्यांच्या स्वरावरून कळतच होतं, म्हणून तो प्रश्न मी विचारला नाही. मी सांभाळायचं काय, एवढंच विचारलं.

"चालणं," ते म्हणाले. "पायांवर आहेत तोवर घरात निभेल. चालणं सुटलं, अंथरूण धरलं, की तुम्हाला एकटीला झेपणार नाही."

एकटीला म्हणताना त्यांनी आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मी अंगाने किरकोळ. आत्या माझ्यापेक्षा वीतभर उंच आणि दीडपट रुंद. तंजावरहून कुंभकोणमला परत येताना बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली आणि माझा हात मनगटापर्यंत बधिर झाला. त्या वेळात मी मनातल्या मनात तिला पलंगावरून उठवून पाहिलं, न्हाणीघरात नेऊन पाहिलं, कुशीवर वळवून पाहिलं. एकही गोष्ट मला जमली नाही.

आत्या म्हणजे माझी सासू. आमच्यात आत्याच्या घरी मुलगी देण्याची रीत आहे, त्यामुळे ती माझ्या वडिलांची सख्खी बहीणही. हे दुखणं रक्तातून येतं का, हेही मी डॉक्टरांना विचारलं नाही. आमचं भांड्यांचं दुकान आहे. गल्ल्यावर बसलेली असताना एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाचं नाव आठवलं नाही, तर आजकाल ते आठवेपर्यंत मला दुसरं काही सुचत नाही.

आम्ही मराठे राजांच्या काळात इकडे आलेल्या घरांपैकी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमची मराठी पुण्याकडच्या पाहुण्यांना पोथीतली वाटते; ती जशीच्या तशी उतरवली तर वाचणारा अडखळेल, म्हणून बोलणी मी इथे सरळ करून लिहिते आहे.

चालवायचं कुठे, हा पहिला प्रश्न होता. घरात आत्या बसून राही. ऊठ म्हटलं की "कशाला?" विचारी, आणि त्याला माझ्याकडे पटेल असं उत्तर नसे. महामखम तळ्याच्या काठाने सकाळी गावातले लोक फेऱ्या मारतात. तिथे नेलं, तर शेजारून एक मोटारसायकल गेली आणि तिने माझं मनगट इतकं घट्ट आवळलं की बांगडी वाकली. मोबाइलवर वृद्धांच्या व्यायामाचे पुष्कळ व्हिडिओ आहेत. त्यांतले म्हातारे सगळे हसरे, पांढऱ्या बुटांतले आणि सांगितलेलं लगेच करणारे. आत्या त्यांच्याकडे लग्नातल्या पाहुण्यांकडे पाहावं तशी पाहायची आणि मला म्हणायची, "यांना कॉफी दिलीस का?"

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक कल्याणमंडप आहे. लग्नाचा मुहूर्त नसेल त्या सकाळी तिथे साठीपुढच्यांसाठी व्यायामाचा वर्ग भरतो. आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढाच्या सुमारास, इकडे लग्नं होत नाहीत. मंडप रिकामा, म्हणून वर्ग रोज. शिकवणारी मुलगी फिजिओथेरपिस्ट, तिशीतली, मोठ्या आवाजाची. वर्ग चालवतात ते चिटणीस सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. इस्त्रीचा सदरा घालून व्यायाम करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

"अम्मा, आमच्याकडे सगळे आपलं आपण करणारे आहेत," चिटणीस मला म्हणाले.

"तीही करते, सार. फक्त सांगावं लागतं."

"किती वेळा?"

"दर वेळी." खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, पहिल्याच दिवशी उघडं पडलं असतं.

त्यांनी हातातली वही मिटली. तेव्हा मी दुकानदारी केली. वर्गासाठी समई हवी म्हणून ते मागे आमच्याकडे येऊन बघून गेले होते आणि किंमत ऐकून नंतर येतो म्हणाले होते. मी म्हटलं, समई आमच्याकडून. दुसऱ्या दिवशी जवळच्या नाच्चियारकोविल गावच्या घडणीची, कमरेएवढी उंच समई मंडपात पोचती केली. आत्याला खुर्ची मिळाली.

पूर्वी तिथे खुर्च्या भिंतीलगत दोन ओळींत असत. समई आल्यावर शिक्षिकेने ती मधोमध ठेवली आणि भोवती खुर्च्यांचं कडं केलं. सुरुवातीला पाचही वाती लावायच्या. त्या ज्योतींचं आणि पदरांचं मला भय वाटे. दुकानातली मोठी परात पाणी घालून समईखाली ठेवायला लावली, खुर्च्या हातभर आणखी मागे घ्यायला लावल्या. चिटणीस म्हणाले, "अम्मा, तुम्ही समई दिलीत की अग्निशमन दल?"

खुर्चीवरचे प्रकार आत्या उशिराने करायची. बाकीचे हात खाली घेत तेव्हा तिचे वर जात. शिक्षिका तमिळमध्ये सांगे आणि आत्याला तमिळ चांगलं कळत होतं; सांगितलेलं तिच्यापर्यंत पोचायला मात्र वेळ लागे. मी शेजारच्या खुर्चीवर बसून करून दाखवी. दंड वर, दंड खाली, आणि मनात एकच: हिचा तोल गेला तर मी कुठून धरीन.

मग चालणं. सगळ्यांनी उठून खुर्च्यांच्या आतून, समईभोवती फेऱ्या घालायच्या. मी आत्याच्या कोपराखाली हात धरला. तिने तो झटकला आणि चालू लागली. पाठ ताठ, पावलं सारखी, नजर समईवर. जी बाई घरात न्हाणीघरापर्यंत जायला तीनदा भिंत धरायची, ती काही न धरता चालत होती. मी तिच्या मागे चालताना, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, छातीवरचं ओझं थोडं उतरल्यासारखं झालं.

तेवढ्यात शिक्षिकेने टाळी वाजवली. "आता उलटं फिरा!"

सगळे वळले. आत्या वळली नाही. समोरून येणाऱ्या गृहस्थांवर ती आदळली, त्यांच्यामागच्या दोघी त्यांच्यावर. आत्याने दोन्ही कोपरं बाहेर काढली आणि वाट अडवून उभी राहिली. चेहरा पांढराफटक पडला होता. मोठ्याने, मराठीत विचारू लागली, "कोण मेलं? अरे, सांगा ना मला. कोण मेलं?"

तिथे मराठी कळणारी मी एकटी. "पाट्टी काय म्हणतात, अक्का?" शिक्षिकेने विचारलं. पाट्टी म्हणजे आजी. मी म्हटलं, "दमली."

मला तो प्रश्न नवा नव्हता. घरीही ती माझ्या वडिलांना शोधायची. सुरुवातीला मी खरं सांगितलं, की ते वारले. ती प्रत्येक वेळी नव्याने रडली. मग मी "गावाला गेलेत" म्हणू लागले. तेव्हा हे त्यातलंच काहीतरी, असं मी धरून चालले.

घरी आल्यावर ती चपला काढून थेट मागच्या अंगणात गेली, नळाखालची बादली उचलली आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावर ओतून घेतली. अंगणात शेवाळ होतं. मी धावले. ती थरथरत उभी, केस चिकटलेले. न्याहारी पुढे केली तर म्हणाली, "अंगावर पाणी घेतल्याशिवाय कसं खायचं?" आत्ताच घेतलंस म्हटलं, तर लुगडं चाचपून पाहिलं आणि मग खाल्लं.

हे रोजचं झालं. सकाळी वर्ग, टाळी, कोपरं, "कोण मेलं?", आणि घरी येऊन डोक्यावरून पाणी. मी अंगण ब्लीचिंग पावडरने घासून घेतलं, नळापाशी रबराची चटई टाकली, बादली अर्धीच भरून ठेवू लागले. वर्गाने ती चालत होती, आणि वर्गामुळेच घसरून तिचं खुब्याचं हाड मोडेल, या भीतीने मी दर सकाळी तिच्या मागे अंगणात पळत होते.

शिक्षिका मुलगी चिकाटीची. तिने आत्याच्या उजव्या मनगटाला लाल फीत बांधली, डाव्याला हिरवी; आत्याने दोन्ही सोडून वेणीत घातल्या. तिने बाणांची चित्रं केली. टाळीऐवजी घंटी आणली. उलट्या फेरीच्या वेळी आत्याला खुर्चीवर बसवून पाहिलं. आत्या दोन मिनिटं बघत राहिली, उठली, आणि सगळ्यांच्या विरुद्ध दिशेने, कोपरं काढून, वाट करत निघाली.

"उलटं वळणं सोडूनच दिलं तर?" मी विचारलं.

"तेच तर सोडता येत नाही, अक्का. म्हातारी माणसं सरळ चालताना क्वचित पडतात. वळताना पडतात. दोन्ही बाजूंना वळायची सवय हवी."

तिचं बरोबर होतं.

शुक्रवारी व्हायचं ते झालं. वर्गात एक निवृत्त मुख्याध्यापिका येत. मिशनच्या शाळेत आयुष्य गेलेलं, गळ्यात बारीक क्रूस, जीभ धारदार. उलट्या फेरीत त्या आत्याच्या समोर आल्या. आत्याचं कोपर त्यांच्या दंडाला लागलं आणि त्या मागे खुर्चीवर आपटल्या. खुर्ची होती म्हणून बरं. मग मुख्याध्यापिका म्हणाल्या, "चाळीस वर्षं पोरांना छड्या मारल्या, त्याची परतफेड अशी होते तर."

दोघंतिघं हसले. चिटणीस हसले नाहीत. वर्ग संपल्यावर त्यांनी मला खांबापाशी बोलावलं.

"अम्मा, तुमचं दुःख मला कळतं. पण उद्या कोणाचं हाड मोडलं, तर उत्तर मी द्यायचं. मॅडमनी तक्रार केली आहे."

"मॅडमनी?"

"दंड सुजलाय म्हणाल्या. सुजलाय म्हणणं म्हणजे तक्रारच." त्यांनी सदऱ्याची बाही सारखी केली. "रविवारी सगळ्यांना विचारून ठरवू. तोवर पाट्टींना घरीच विश्रांती द्या."

विश्रांती म्हणजे काय, हे मला डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. शनिवारी सकाळी आत्या खुर्चीत बसली ती जेवायलाही तिथेच. दुपारी उठवलं तर गुडघे थरथरले आणि तिने भिंत धरली. एका दिवसात. दुकानात मी एका गिऱ्हाइकाला इडलीपात्राऐवजी कुकर बांधून दिला. नवरा म्हणाला, "तू घरी जा. आणि आईला संध्याकाळी गोविंदपुरमला नेऊ या. विठ्ठलाच्या देवळात तिला बरं वाटतं."

"तिथे गर्दी असते. ती कोणाला ढकलेल."

"अजून तरी ढकललं नाही."

"अजून तरी, हे तू म्हणतोस. मागे उभी मी असते."

त्याने गाडी मात्र सांगून ठेवली. मला भजनाची फारशी ओढ नाही. लहानपणी घरात इतकी भजनं झाली की माझ्या वाटची संपली. पण घरात खुर्चीकडे बघत बसण्यापेक्षा ते बरं, म्हणून गेले.

देवळात दर्शन झालं. मंडपात कुठल्यातरी गावची मंडळी भजनाला बसली होती. टाळ, मृदंग, मधे लावलेली समई. इकडच्या पद्धतीप्रमाणे शेवटी शेवटी सगळे उठले आणि गात समईभोवती फिरू लागले. आधी पुरुष, मग बायकाही. आत्या माझ्या हातातून सुटली, ते मला कळेपर्यंत ती त्या कड्यात होती. मी घाईघाईने तिच्या मागे घुसले. दोन्ही हात तिच्या कमरेपासून इंचभर अंतरावर, कोपरं येतील या अपेक्षेने. कोपरं आली नाहीत. ती फिरत राहिली, ओठ हलवत, समईवर नजर, अनोळखी बायकांच्या मधून पाण्यासारखी. दमलेले दोनतीन जण बाहेर पडले तरी ती फिरतच होती. आरती झाली, सगळे थांबले, तशी तीही थांबली. हात जोडले.

घरी आलो. मी तिच्यापुढे धावत अंगणात गेले, दिवा लावला, चटई सरळ केली, अर्धी बादली भरली आणि तिथे उभी राहिले. ती आलीच नाही. स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "कॉफी आहे का गं?"

मी बादलीपाशी उभीच राहिले.

वर्गातून आली की तिला अंगावर पाणी घेतल्याशिवाय खायचं नसतं. देवळातून आली की नको. दोन्हीकडे समई, दोन्हीकडे माणसांचं कडं, दोन्हीकडे ती फिरते. फरक काय तो टाळीनंतरचा. डोक्यावरून पाणी आपण केव्हा घेतो? कोणाला पोचवून आल्यावर. आणि उलट्या फेऱ्या आपण केव्हा घालतो, समई डाव्या हाताला ठेवून? घरात माणूस आडवा ठेवलेला असतो तेव्हा. उशाशी दिवा असतो, बायका भोवतीने उलट्या फिरतात, तोंडावर तांदूळ ठेवतात. आत्याने आपल्या आईला, नवऱ्याला, भावाला असंच फिरून निरोप दिला होता. दर सकाळी त्या मंडपात टाळी वाजायची आणि तिच्या लेखी कोणीतरी मरायचं. ती विचारत होती कोण, आणि मी म्हणत होते, दमली.

आम्ही सगळे त्याच रीतीतले. शिक्षिका, चिटणीस, मी. देवळात कोणी उलटं निघालं तर आम्ही हात धरून वळवतो. पण मंडपात आम्हाला माहीत होतं की हा व्यायाम आहे, त्यामुळे समई आम्हाला दिसेनाशी झाली होती. आत्याला तो व्यायाम असल्याचं लक्षात राहत नव्हतं. तिला समई दिसत होती.

मी बादली ओतून टाकली आणि कॉफी केली.

रविवारी वर्गाच्या आधीच मी आत्याला घेऊन मंडपात पोचले. चिटणिसांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मी नमस्कार करून पुढे गेले आणि शिक्षिकेला सगळं सांगितलं. तिने तोंडावर हात ठेवला.

"अय्यो, अक्का! म्हणजे मी रोज पाट्टींना..."

"ते राहू दे. आज काय करायचं ते बोल."

"समईच काढू या. साधी गोष्ट."

मलाही ती साधी वाटली. दोघींनी मिळून समई उचलून कोपऱ्यात नेली. वर्ग सुरू झाला. हातांचे प्रकार झाले. चालायची वेळ आली, सगळे उठले. आत्या बसून राहिली. हात धरून उठवलं तर दोन पावलं टाकली, रिकाम्या मधल्या जागेकडे पाहिलं आणि मला विचारलं, "कशाला?" मग परत बसली. घरातलाच प्रश्न, घरातलाच आवाज. मी समई काढून तिचं भय काढलं होतं आणि त्याबरोबर तिचे पायही.

चिटणीस हात मागे बांधून बघत होते.

"परत आणा," मी म्हटलं. कोणी हलेना, तेव्हा स्वतःच गेले. समई पुन्हा मधोमध आली, परात आली, पाचही वाती लावल्या. आत्या उठली. समई उजव्या हाताला घेऊन निघाली. शिक्षिकेने टाळी वाजवली नाही. फेऱ्या होत राहिल्या, एकाच दिशेने, कोणी कोणावर आदळलं नाही.

मग सगळे बसले आणि चर्चा सुरू झाली. चिटणिसांनी आधी मला माझं म्हणणं मांडू दिलं. मी ते थोडक्यात मांडलं. त्यानंतर ते म्हणाले, "मान्य. पण एका व्यक्तीसाठी सगळ्यांचा क्रम बदलायचा का? वळण्याचा सराव हवा, असं आपल्या शिक्षिकाच सांगतात."

एक गृहस्थ म्हणाले, "आणि हा व्यायाम आहे की भजन? उद्या म्हणाल, गा."

"मी गाणार नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्यांचा दंड पदराखाली होता, मला तो बघायचा धीर होत नव्हता. "बाकी मला कुठूनही फिरवा. गुडघा दोन्हीकडून तितकाच दुखतो. मला तर वाटायचं, तुमच्यात दोन्ही बाजूंनी चालत असेल, म्हणून गप्प होते. बरं, पाट्टी मला विचारत होत्या ते काय?"

"कोण मेलं, असं."

"मग सांगायचं होतं ना, की अजून कोणी नाही, पण ही मॅडम रांगेत आहे."

या वेळी सगळेच हसले. चिटणीसही थोडे. पण त्यांनी मान हलवली. "हसण्यावर नेऊ नका. दंड तुमचा सुजला. उद्या दुसऱ्याचा."

"सुजला म्हणाले. तक्रार केली असं कोणाला म्हणाले?" मुख्याध्यापिकांनी त्यांच्याकडे शाळेतल्या नजरेने पाहिलं. चिटणीस बाही सारखी करू लागले.

माझं लक्ष बोलण्यात अर्धंच होतं. उरलेलं आत्याकडे. ती हळूहळू खुर्चीच्या कडेला सरकत होती. ती उठली, तर कोणाच्या अंगावर जाईल का, समईकडे जाईल का, परातीत पाय पडेल का. मी अर्धी उठून बसले होते.

शिक्षिका तेवढ्यात समईपासून दूर, दाराकडच्या मोकळ्या जागेत एक खुर्ची घेऊन गेली. "इकडे बघा. वळायचा सराव समईभोवतीच का हवा? आपापल्या खुर्चीभोवती वळा. खुर्चीची पाठ धरून, एकदा असं, एकदा तसं. पडलात तर बसायला खुर्ची जवळच. हे आधीच्यापेक्षा बरं आहे, मला आधी सुचायला हवं होतं." ती आपल्या खुर्चीभोवती गरकन फिरली, मग उलटी. "समईभोवती मात्र एकाच बाजूने. सगळ्यांनी. आणि ते या सरावानंतर, अगदी शेवटी."

व्यायाम की भजन असं विचारणारे गृहस्थ उठले आणि खुर्चीभोवती फिरून पाहिलं. उलट्या बाजूला त्यांचा पाय अडकला आणि त्यांनी खुर्चीची पाठ गच्च पकडली. "हं," ते म्हणाले. "याची गरज आहे खरी." आणि बसले.

चिटणिसांनी सगळ्यांना विचारलं. कोणी नाही म्हटलं नाही. हो मात्र सगळ्यांनी मोठ्याने म्हटलं असंही नाही. "आडी संपेपर्यंत बघू," ते मला म्हणाले. "तोवर काही झालं, तर मग मला बोल लावू नका."

खुर्चीभोवती आत्या वळते का? कधी वळते, कधी खुर्चीलाच विचारते कोण आहेस म्हणून. उलट्या बाजूला मी तिचे दोन्ही हात धरते आणि समोर उभी राहून तिच्याबरोबर वळते. तेव्हा तिचं लक्ष माझ्या चेहऱ्यावर असतं आणि पाय आपोआप येतात. शेवटच्या फेऱ्या ती एकटी घालते. पहिल्या दिवशी ती थांबेना. वर्ग संपला, लोक चपला शोधू लागले आणि ती फिरतच होती. कोणी हात लावला तर कोपर. मला गोविंदपुरम आठवलं. दुसऱ्या दिवसापासून शिक्षिका शेवटी मोठ्याने "झालं" म्हणते आणि सगळे समईकडे तोंड करून हात जोडतात. मुख्याध्यापिका हातांची घडी घालून उभ्या राहतात, तेही चालतं. आत्या थांबते. घरी आल्यावर कॉफी मागते. अंगणातली चटई मी अजून काढलेली नाही.

आडी संपली. लग्नाचे मुहूर्त सुरू झाले आणि वर्ग आठवड्यात एखाददुसऱ्या दिवसावर आला. मंडपापुढे केळीचे खांब दिसले की मी बुडालेले दिवस मोजू लागते. मधल्या दिवशी आत्या खुर्चीत बसली, की शनिवारचे तिचे थरथरते गुडघे डोळ्यांपुढे येतात. म्हणून पुढच्या खोलीतलं कपाट मी माजघरात हलवलं, कोच भिंतीशी लावला आणि दुकानातून दुसरी समई घरी आणली. नवरा म्हणाला, "ही विकायची होती." मी म्हटलं, "हो, होती."

परवा सकाळी मी वाती लावल्या, परात ठेवली. आत्या उठली आणि निघाली. मी तिच्या मागे, हात कमरेशी, डोक्यात मालाची गाडी आणि दुपारचा स्वयंपाक. आम्ही फिरत होतो आणि मागे खिडकीत ठेवलेला माझा फोन वाजू लागला. गाडीवाल्याचाच असणार. मी तशीच मागे वळले आणि जवळची वाट म्हणून समईला डाव्या हाताला घालून निघाले. अर्धी फेरीही झाली नसेल, समोरून येऊन बरगडीत कोपर बसलं.

आत्या माझ्यासमोर उभी होती. चेहरा मंडपात व्हायचा तसाच, पांढराफटक. "कोण मेलं?"

फोन वाजत होता. तिचा तोल जाईल की काय म्हणून मी तिचा हात घट्ट धरला.

"कोणी मेलं नाही, आत्या. सगळे आहेत."

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. मग समईकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"मग नीट चाल की," ती म्हणाली.

मी वळले. फोन वाजायचा थांबला. ती पुढे, मी मागे, आम्ही फेरी पुरी केली.